चौथ्या धड्यातली रिकामी खुर्ची

दि. ९ मार्च, सोमवार

चि. बॉबिन हिस आईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण चालवून घेते. तू वेळेवर जेवतेस असं धरून चालले आहे, कारण विचारलं की तू "हो" म्हणतेस आणि आवाजावरून कळतं की नाही.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर बाबांचा विषय निघाला की नेमकं तुझ्याकडे कुणीतरी दार वाजवतं. पत्राचं बरं असतं. दार उघडून ये, ते तिथंच थांबलेलं असतं.

तर बातमी अशी, की तुझी आई विद्यार्थिनी झाली आहे. आणि आधी मी वर्गातली सगळ्यात वाईट विद्यार्थिनी होते. तसं मला अधिकृतपणे कळवण्यात आलं.

बाबांनी शेवटच्या वर्षी त्या संस्थेसाठी शिलाई मशीन दुरुस्तीचे धडे चित्रित केले होते, ते तू कधी पाहिले नाहीस. ऑनलाइन आहेत. मास्तर समोर नाही, घंटा नाही, ज्याला जेव्हा सवड तेव्हा त्यानं शिकावं. बाबा गेल्यावर मी तिथं माहेरच्या नावानं नोंदणी केली आणि संगणकावर धडे लावून बसायचे. माणसं फोटो बघतात, मी धडे बघत होते. त्यात हात हलतात.

मागच्या आठवड्यात संस्थेतून एका मुलीचा फोन आला. तिचं काम ऐकून मी थक्क झाले. अशा वर्गात कोण खरंच शिकतंय आणि कोण नुसतं धडा लावून भाजी निवडतंय, हे ती मोजते. मी मनात तिचं नाव मोजणीबाई ठेवलं. कोण कुठं थांबलं, कुठं मागं गेलं, कुठं कंटाळून पळालं, प्रश्न सोडवले का, हातानं काम करून फोटो पाठवला का, सगळ्याचा तिच्याकडे आलेख असतो. जिथं धडा अवघड, तिथं लोक पुन्हा पुन्हा बघतात, म्हणून आलेखात टेकडी येते. जिथं काही नाही, तिथं खड्डा.

"काकू," ती म्हणाली, "तुमचा आलेख वेगळाच आहे. सगळ्यांचा जिथं खड्डा, तिथं तुमची टेकडी. तिथं आवाज खराब येतो का?"

मी विचारलं, कुठं. म्हणाली, चौथ्या धड्यात फोन वाजतो, सर मध्येच उठून जातात आणि बराच वेळ रिकामी खुर्ची दिसते, तिथं.

मी म्हटलं, आवाज चांगला येतो.

मग ती म्हणाली की तो भाग ते कापणार आहेत. लोक तिथूनच धडा सोडतात. महिनाअखेर सगळे धडे नीट करून पुन्हा चढवायचे आहेत. मी म्हटलं, कापू नका. का, ते मला सांगता आलं नाही. ती फार नम्रपणे म्हणाली की मत विचारात घेतलं जातं ते स्वाध्याय पूर्ण करणाऱ्यांचं. मी एकही केलेला नाही, त्यामुळे त्यांच्या यादीत मी "निष्क्रिय" आहे.

निष्क्रिय! या घरात पहाटेपासून कोण उभं असतं? मला इतका राग आला की फोन ठेवून सरळ माळ्यावर चढले आणि जुनं काळं मशीन खाली काढलं. शेजारीण म्हणाली, वय काय, करता काय. मी म्हटलं, गृहपाठ.

आणि काय सांगू तुला, मला येतंय! या मशीनवर मी जन्मभर शिवलं, पण त्याच्या पोटात काय आहे हे कधी पाहिलं नव्हतं. ते बाबांचं राज्य, तुझं लाडाचं नावही त्यांनी तिथूनच काढलेलं. पहिल्या धड्यात तेल, दुसऱ्यात पट्टा, तिसऱ्यात दोऱ्याचा ताण. प्रत्येक स्वाध्याय केला, टाक्याचे फोटो पाठवले, शेरे आले. "छान" असा शेरा मला कुणी कधी लिहून दिला नव्हता गं. वाचायला मी शिकले ती पुड्यांच्या कागदांवर, त्यावर कुठला आलाय शेरा. हाताला तेल, नाकाला तेल, चष्म्याला तेल, आणि मी एकटीच हसतेय.

आता चौथा राहिला. सगळ्यात अवघड. तो झाला की माझं मत धरतील.

तुला विचारायचं होतं. तो भाग राहावा असं तुला वाटतं का? तो कोणता दिवस होता ते तुला कळलं असेल.

तुझी,
आई

*

दि. २३ मार्च, सोमवार

चि. बॉबिन हिस अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. "आई, कापू दे." एवढंच. मी रागावले नाही. त्या दिवशीच्या बोलण्याचं तू काय करून ठेवलं आहेस मनात, ते मला ठाऊक आहे. तू फोन केलास, रजा नामंजूर झाली, येता येत नाही म्हणालीस, आणि बाबा "बरं, ठेवतो, काम चालू आहे" म्हणाले. त्यानंतर तुमचं बोलणं झालंच नाही. तुला वाटतं ते रागावून गेले.

ते पुढं लिहिते. आधी मशीनचं सांगू दे, नाहीतर माझा जीव उतावीळ होईल.

चौथा धडा म्हणजे सुई आणि खालचा दोरा सांभाळणारं शटल यांचा मेळ. सुई दोरा घेऊन खाली जाते आणि जरा वर आली की दोऱ्याचा बारीक फास पडतो. शटलचं टोक तेव्हाच येऊन तो फास उचलतं. जरा लवकर आलं किंवा उशिरा आलं, की टाकाच पडत नाही. बाबा सांगतात, स्क्रू ढिला करा, सुई पार खाली न्या, आता किंचित वर. त्यांची बोटं झरझर चालतात, माझी चाचपडतात. ते स्क्रू सोडतात तेव्हा मी अजून स्क्रू शोधत असते. आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजतो आणि ते उठून जातात.

या वेळी मात्र, पहिल्यांदाच, मी त्या खुर्चीकडे पाहिलं नाही. मला वेळच नव्हता! समोर त्यांचं मशीन जसं सोडलं तसं होतं, सुई किंचित वर. त्यात बघून मी माझी सुई तिथं आणली, शटलचं टोक सुईमागं आणलं, पुन्हा चुकलं, पुन्हा आणलं. ते परत येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हं, आलात का इथवर?" आणि मी मोठ्यानं म्हटलं, "आले!"

रिकाम्या खोलीत म्हटलं. मग डोळे पुसले, तर तेल डोळ्यात गेलं. स्क्रू आवळला, कापड घातलं, हातचाक फिरवलं. टाका पडला, बॉबिन. वरून आणि खालून सारखा. ओळ वाकडी आहे, पण टाका पक्का आहे. कापडाचा तुकडा सोबत पाठवते आहे.

फोटो पाठवला आणि मोजणीबाईला कळवलं की आता माझं मत ऐका. त्या थांबलेल्या वेळात माझे हात सरांच्या हातांना गाठू शकले, म्हणून तो भाग ठेवा. वाटलं होतं, म्हातारीचे हात मंद, म्हणून मलाच तसं झालं असेल. पण ती पोरगी चोख. तिनं सगळ्यांचे आलेख पुन्हा काढले. ज्यांनी रिकामी खुर्ची पुढं ढकलली, त्यातले बहुतेक स्वाध्यायात अडकले. ज्यांनी ती तशीच चालू दिली, त्यातल्या बहुतेकांना जमला. ती तरी किती खुशीत बोलत होती! म्हणाली, आम्ही पडद्यावर चाललेली हालचाल मोजत होतो काकू, पडदा सोडून माणूस मशीनवर वाकला की आम्हाला तो पळाल्यासारखा दिसायचा. तो भाग राहणार आहे. वर उलट इतर धड्यांतही तशी जागा ठेवायची असं त्यांचं ठरतंय. "आता तुमचे हात येऊ द्या" असं तिथं लिहिणार आहेत.

मी फोन ठेवणार, तेवढ्यात तिनं हळूच विचारलं, "काकू, त्या खुर्चीच्या वेळी मागून 'कुणाचा फोन?' असं कुणीतरी विचारतं. तो आवाज तुमचाच ना?"

मी हो म्हटलं. ती म्हणाली, सर फार छान शिकवतात. शिकवायचे, असं नाही म्हणाली. तेवढ्यासाठी मी तिला जन्मभर विसरणार नाही.

आता तुझं.

बाबांच्या शर्टाच्या गळ्याला छोटा माइक लावलेला होता आणि तो काढायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. म्हणून खुर्ची रिकामी दिसते, पण आवाज येतो. तुझा नाही येत, त्यांचा येतो. तू फोन ठेवल्यानंतरचाही येतो. ते तू कधी ऐकलं नाहीस, आणि मला ते तुला फोनवर सांगायला जमलं नाही. सुरुवात केली की दार वाजायचं.

मी विचारते, कुणाचा फोन. ते म्हणतात, "बॉबिनचा. रजा नाही मिळाली तिला." मी म्हणते, अहो, मग जरा गोड बोलायचं तरी, पोरगी हिरमुसली असेल. तर ते हसतात. अगदी पोटातून, माइक खरखरतो तेवढं. आणि म्हणतात, "तिचंही मशीन तिकडे उघडं पडलंय गं. ते सोडून ती उठली असती तर माझी मुलगी कसली?"

राग म्हणतेस तू त्याला.

आणि एक गोष्ट मला इतके दिवस तो भाग बघूनही दिसली नव्हती. विद्यार्थिनी झाले, पहिला धडा नीट ऐकला, तेव्हा दिसली. पहिल्या धड्यात त्यांचा पहिलाच नियम आहे, उघडं मशीन सोडून उठायचं नाही. तुला आठवतं ना, मामा दारात उभा राहायचा आणि हे बसल्या जागेवरून "या" म्हणायचे. दूध उतू जाऊ दे, माणूस येऊ दे, "एवढा स्क्रू होऊ दे." माझ्यासाठीही उठले नाहीत कधी, मी मोजायचं सोडून दिलं होतं. त्या दिवशी फोन खिशात वाजला, त्यांनी काढून नाव पाहिलं, आणि स्क्रू ढिला, सुई हवेत, कॅमेरा चालू, तसेच उठले. आवाज रेकॉर्ड होईल म्हणून नव्हे, तसं असतं तर माइक काढला असता. तुझ्याशी बोलायचं तर उठूनच बोलायचं, एवढंच.

तू तो धडा बघावास असं मी म्हणणार नाही. नोंदणी मात्र कर. मोजणीबाई म्हणते, नवीन विद्यार्थी हवेच आहेत. पहिल्या धड्यापासून सुरू कर, घाई नको, तिथं कुणी घंटा वाजवत नाही. चौथ्यापर्यंत पोचशील तेव्हा पोचशील. त्या खुर्चीशी आलीस की पुढं ढकलू नकोस. मशीनवर हात ठेव आणि ऐक.

मी पाचव्यावर आहे. मागून ये.

तुझी,
सक्रिय आई