मोरणी घोडीच्या विलगीकरणाबाबत

प्रति,
मा. विलगीकरण अधिकारी,
अश्व आरोग्य पडताळणी केंद्र, शेंद्रा,
जि. छत्रपती संभाजीनगर.

अर्जदार : सौ. अंबिका मुंजाबा शिंगाडे, व्यवसाय मेंढपाळ, ता. वैजापूर.

विषय : घोडीबाबतचा आदेश वस्तुस्थितीशी जुळवून घेणेबाबत.
संदर्भ : मोरणी नावाच्या घोडीस बाहेर न सोडण्याचा आपला आदेश व त्यास दिलेली मुदतवाढ.

महोदय,

अर्जदाराचे कुटुंब दिवाळी झाली की मेंढ्या घेऊन गोदाकाठी, गंगथडीला उतरते. पाल, भांडीकुंडी, नवी कोकरे असा सगळा संसार मोरणीच्या पाठीवर असतो. घोडी नाही तर जाणे नाही.

श्रावणात आपल्या केंद्राने वैजापुरात घोड्यांचे तपासणी शिबिर घेतले. पती मुंजाबा नको म्हणत असताना अर्जदाराने स्वतः मोरणीचा दोर धरून रक्त काढू दिले, कारण सरकारी तपासणी चुकवू नये असे तिचे मत होते. ते मत तिने आता बदलले आहे.

तपासणी अशी होती की, घोड्यांच्या साथीच्या तापाचा जो विषाणू आहे त्याचे एक प्रथिन प्रयोगशाळेत तयार करून रक्तातल्या पेशींवर टाकायचे. पेशी खवळल्या तर घोडीची त्या विषाणूशी गाठ पडलेली आहे असे समजायचे. मोरणीच्या पेशी फार खवळल्या. दिवाळीच्या तोंडावर तिला, गाभण असताना, शेंद्र्याच्या पागेत कोंडण्यात आले. ताप नाही, नाक वाहत नाही, वैरण पोटभर खाते, असे मुंजाबाने निवेदन केले असता, "म्हणजे रोग छुपा आहे," असे उत्तर आपल्या कार्यालयातून मिळाले.

ज्यांनी प्रथिन तयार केले त्या डॉ. श्रेया काळे यांना मात्र चैन पडेना, कारण शिबिरातल्या झाडून सगळ्या घोड्यांचे रक्त खवळलेले निघाले होते. हे प्रथिन जिवाणूंच्या पोटात वाढवतात. मग ते वेगळे काढून धुतात, तरी जिवाणूंच्या कवचाचा अंश त्यात मागे राहतो, आणि घोड्याचे रक्त त्या अंशाला फार हळवे असते. डॉक्टरबाईंनी विषाणूचे काहीच नसलेले, नुसत्या जिवाणूंचे धुवण मोरणीच्या रक्तावर टाकले. रक्त तसेच खवळले. नंतर प्रथिन पूर्ण शुद्ध करून टाकले, तर शांत राहिले. त्या स्वतः पालावर येऊन म्हणाल्या, "अंबिकाताई, मोरणीला हा विषाणू ठाऊकसुद्धा नाही. ती भांडली ते आमच्या प्रथिनातल्या घाणीशी." त्यांनी अहवाल लेखी मागे घेतला. अर्जदाराने सामान बांधायला काढले.

ते पत्र प्रथिनाच्या फायलीला लागले. आपले लिपिक म्हणाले, "ताई, प्रथिन खराब हाय, मान्य. पण आदेश घोडीवर हाय. प्रथिनावर आपला अधिकार चालत नाय." फेरतपासणी मागितली, ती तत्परतेने मंजूर झाली. मात्र शुद्ध प्रथिनाच्या वापरास मंजुरी नसल्याने जुनेच वापरण्यात आले. मोरणी पुन्हा खवळली, सबब दोनदा बाधित ठरली आणि मुदत वाढली. इकडे शिबिर चुकवलेल्या भाऊबंदांचे कळप केव्हाच पुढे गेले आणि अर्जदाराच्या मेंढ्या केंद्राशेजारी बांधावरचा पाला ओरबाडू लागल्या.

अशात मोरणी पागेतच व्याली. आदेशात शिंगराचा उल्लेख नसल्याने तो निरोगी प्राणी बाधित आवारात ठेवता येत नाही, त्वरित बाहेर न्यावा, अशी नोटीस आली. दूध कुणाचे पाजायचे, याबाबत नोटीस गप्प होती. मुंजाबा म्हणाला, "शेळीचं पाजून बघू. दुसरं काय करणार?" 

आज सकाळी अर्जदाराने शिंगरू उचलले. मोरणीच्या कपाळावरून हात फिरवण्याचे तिने टाळले. फिरवला असता तर शिंगरू नेणे झाले नसते. फाटकाबाहेर येऊन पहारेकऱ्याकडून पोच घेतली, तोच शिंगरू खिंकाळले. मोरणीने पागेचा आडवा बांबू छातीने मोडला आणि शिंगरासाठी उघडलेल्या फाटकातून ती बाहेर आली. पहारेकरी आडवा गेला नाही. त्याने एवढेच विचारले, "हिची पण पोच लिहू का?"

"लिवा," अर्जदार म्हणाली. शिंगरू तिथेच, कंपन्यांच्या बसगाड्या जातात त्या रस्त्याच्या कडेला, आईला लुचू लागले.

मोरणीला परत आणण्यास अर्जदाराची हरकत नाही. परंतु ती शिंगराशिवाय आत राहत नाही आणि शिंगराला आपणच मज्जाव केला आहे. तरी आदेश रद्द व्हावा. तो कुणावर तरी राहणे आवश्यकच असेल, तर प्रथिनावर ठेवावा.

हा अर्ज आवक खिडकीत देऊन कुटुंब गंगथडीकडे निघत आहे. घोडी ओली बाळंतीण असल्याने तिच्यावर काही लादलेले नाही. ओझे नवराबायकोने वाटून घेतले आहे. ती शिंगराच्या चालीने चालते, आणि मेंढ्या तिच्या चालीने. केंद्रातर्फे कुणी यायचे असल्यास रस्त्यात सहज गाठ पडेल.

आपल्या नोटिशीचे पालन केलेली,
सौ. अंबिका मुंजाबा शिंगाडे
दि. ९ डिसेंबर २०२५

सोबत : डॉ. श्रेया काळे यांच्या पत्राची प्रत. पहारेकऱ्याच्या दोन पोचपावत्या.