भादव्यातलं ओलं सरपण

आत्याबाई,

तुमच्या सुनेचा नमस्कार.

काल दुपारी रशिदाबी दारात उभी राहिली, सोबत तिची झुबेदा. तुम्ही चैत्रातच गेलात हे तिला आदिलाबादेत कुणी सांगितलंच नव्हतं. "मोठ्या बाई कुठं हायेत?" तिनं विचारलं. मी डोळ्यांना पदर लावला. तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि उंबऱ्यावरच बसली. झुबेदाच्या निकाहचं पहिलं आवतण ती तुम्हाला द्यायला आली होती.

तिच्यापुढं मी त्या दिवसांबद्दल बोलले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तुम्ही आणि मी एका चुलीपुढं रोज बसलो, पण तो विषय आपण कधी काढला नाही. का काढला नाही, आत्याबाई? आता विचारायला तुम्ही राहिला नाहीत, म्हणून लिहिते आहे.

मी किनवटची, चौथी शिकलेली. जंगलातून मोळी आणायची आणि चुलीत घालायची, सरपणाचं एवढंच मला ठाऊक. तुमच्या घरी तसं चालत नव्हतं. होळी झाली की धावडा, बाभूळ फोडून उन्हात टाकायची. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून पाहायच्या. ठप्प वाजल्या की परत उन्हात, टणटणीत वाजल्या की गोठ्यात. मृगाच्या आत गोठ्याच्या मागच्या अंगाला छातीएवढी रास लागली पाहिजे, खाली दगड घालून, भिंतीपासून हातभर सोडून. नवी नवरी होते, त्या उन्हाळ्यात मी लाकडं भिंतीला टेकवून रचली, तर तुम्ही सगळी रास मोडायला लावलीत.

"भिंतीले काऊन टेकवली वं? भिंतीची वल लाकडाले चढते. मांगून वारा खेळला पाह्यजे."

मी रडत पुन्हा रचली. किती राग आला होता तुमचा!

त्याच साली भादव्यात निजामाचं राज्य गेलं. त्याआधी गावानं फार सोसलं होतं. शेजारच्या नामदेव भाऊजींच्या भावाला निजामाच्या बंदूकवाल्यांनी मारून पांगळं केलं होतं. त्याचं कण्हणं आपल्या भिंतीतून ऐकू यायचं. मग निजामाला हटवणारी पलटण आली, लोकांनी गूळ वाटला, आणि लगेच सूड घ्यायला काठ्या-कुऱ्हाडी घेतलेली टोळकी गावोगाव हिंडू लागली. छळणारे कधीच पळून गेले होते. मागं राहिली होती रशिदाबीसारखी माणसं. ती गावातल्या बायकांना बांगड्या भरायची. नवरा माल आणायला आदिलाबादला गेला होता, तो परतलाच नव्हता.

हे, तुमचे लेक, बैल घेऊन किनवटला गेले होते आणि नाल्यांच्या पुरामुळं तिकडेच अडकले होते. घरात आपण दोघीच. दिवेलागणीला तुम्ही मागच्या दारानं आलात. तुमच्या घोंगडीखाली रशिदाबी आणि आठ-नऊ वर्षांची झुबेदा होती, भिजून गारठलेल्या. तुम्ही मला काही विचारलं नाहीत. नुसतं म्हणालात, "चाल, रास पुढं घ्यायची हाय."

आपण रास हात-दीड हात पुढं ओढली, त्या दोघींना मागं बसवलं आणि उघडी बाजू लाकडं रचून बंद केली. फटींतून त्यांना वारा मिळत होता. मला विचारलं असतंत, तर मी हो म्हटलं असतं का? मला नक्की सांगता येत नाही. म्हणूनच विचारलं नाहीत का?

खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी झाली. पावसाची झड थांबेना आणि चुलीला सरपण हवं. पण रास म्हणजे आता त्या दोघींची भिंत होती. तिच्यातली ढलपी काढायची कशी? तुम्ही बांधावरचा ओला पळस तोडून आणलात. घरभर धूर झाला, छपरातून बाहेर निघाला आणि पावसानं दबून गल्लीत पसरला. ज्या घरात धुरानं कधी डोळ्यांना पाणी आलं नव्हतं, त्या घराचा असा धूर गावाला दिसल्याशिवाय राहील का?

नामदेव भाऊजी आले ते सरळ गोठ्यात. हातात काठी. बाहेर त्यांच्यासोबतची माणसं थांबली होती.

"काकू, एवढं वाळलं सरपण असून वलं काऊन जाळून राह्यल्या?"

तुम्ही गाईला चारा टाकत होतात. मागं वळूनही न पाहता म्हणालात, "ते माह्या सरणाचं हाय. भादव्यात मेली तं वल्या लाकडावर जाळसान का मले?"

भाऊजींनी राशीवर ठेवलेला हात झटकन मागं घेतला. तेवढ्यात धुरानं झुबेदा खोकली. एकदाच, दाबून.

मी दारात होते. तोंडाला पदर लावून मी खोकायला लागले. खोकत खोकत खाली बसले. घसा सोलवटला तरी थांबले नाही. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, राशीकडे पाहिलं. तुमच्या हातातल्या चाऱ्याच्या काड्या खाली गळत होत्या, तेवढंच मला दिसलं.

"धुरानं दम लागला सूनबाईले," तुम्ही म्हणालात.

ते गेले. तुम्ही गाईच्या पाठीवर डोकं टेकून उभ्या राहिलात. मी जवळ आले तर म्हणालात, "जा, चूल पाह्य." तेव्हा दोन शब्द बोलला असतात तर?

सकाळी आपल्या ओट्यावर कोरड्या तुराट्यांचा भारा होता. त्यापाशी भाऊजी एकटेच उभे होते. "धूर कमी करा," ते म्हणाले. "गावात दिसून राह्यला." एवढं सांगून ते घरात गेले. आपण तुराट्यांवर भाकरी भाजल्या आणि प्रत्येक पावलाला दचकलो. पूर ओसरल्यावर हे परतले आणि दोघींना गाडीत घालून आदिलाबादच्या छावणीत पोचवून आले. त्या दुपारी तुम्ही राशीतलं लाकूड चुलीत घातलंत. सरणाचं म्हणून मी अडखळले. तुम्ही म्हणालात, "मेल्यावर पाहू." रशिदाबीचा नवरा मात्र शेवटपर्यंत सापडला नाही.

काल तिनं मला विचारलं, "लाकडापल्याड बोलत होता तो मानूस कोन होता?"

मी दोघींना शेजारी नेलं. भाऊजी उन्हात तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांनी रशिदाबीला ओळखलं. मग ते झुबेदाकडे वळले.

"हेच पोर खोकलं होतं," ते म्हणाले.

"तुमाले तवाच समजलं होतं?" मी विचारलं.

"समजलं होतं. बाहीर मानसं उभी होती. त्याइले सांगतलं, मातारी सरण रचून बसली हाय. हासले अन् गेले समदे." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "मी हुडकालेच आलतो वैनी. माह्या भावाचा लई राग होता डोक्यात. पन थे पोर खोकलं."

रशिदाबी त्यांच्या ओट्यावर बसली. भाऊजींनी घरात हाक मारून चहा ठेवायला सांगितला.

आत्याबाई, ज्या माणसाच्या भीतीनं आपण ते दिवस काढले, त्यानंच आपल्याला सांभाळून घेतलं होतं. हे तुम्हाला माहीत होतं का? मला वाटतं, नव्हतं. म्हणून कळवते.

आता किनवट मुंबई राज्यात गेलं आणि आपण आंध्रात. माझं माहेर परमुलखात गेलं म्हणून हे मला चिडवतात. आदिलाबाद मात्र आपलंच आहे. निकाहला मी जाणार, तुमच्या जागी. भाऊजींना चला म्हटलं, तर त्यांनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. तरी गाडी त्यांच्या दारापुढं थांबवीन आणि ते बाहेर येईपर्यंत हलवणार नाही. हा माझा शब्द.

तुमची सून,
यमुना