चार दरवाजांचा पैलवान

काका,

माणसाने किती सोसावं याला काही मर्यादा आहे की नाही? बाहेरच्या देशातून मागवलेल्या तुमच्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, आणि या देशात पार्किंगचं तिकीट देणारं यंत्र उजवीकडे. काल सिटीत मी दोन्ही सीटांवर आडवा पडून, खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत बटण दाबलं. मागच्या ट्रकवाल्याने टाळ्या वाजवल्या.

विद्यार्थी असताना तुमच्या घरी राहिलो, आणि जग सोडून जाताना तुम्ही ही गाडी माझ्या नावावर केलीत. रंग उकडलेल्या बटाट्याचा, थाट रिटायर्ड हेडमास्तरांचा. आत काय आहे ते मला कळलं एका दसऱ्याला. काकू ताम्हण घेऊन उभ्या आहेत, चाकांखाली लिंबं आहेत. नव्या बुटात तुमचा पाय जरा जास्त पडतो. मागची चाकं किंचाळतात आणि लिंबं थेट शेजाऱ्याच्या कुंपणावर.

"ब्लडी हेल, मेट! व्हॉट्स इन दॅट थिंग?" शेजारी ओरडला.

"फॅमिली कार, मेट," तुम्ही शांतपणे.

"अहो, लिंबू चिरडायचं असतं, उडवायचं नसतं!" काकू.

मग तुम्ही बोनेट उघडून दाखवलंत. कंपनीनेच बसवलेलं, शर्यतीच्या जातीचं इंजिन. मुद्दाम मागणाऱ्या मोजक्या गिऱ्हाइकांनाच मिळायचं. बाहेर त्याची एक खूणही नाही. "ज्याला दाखवायचंय तो दोन दरवाजांची घेतो," तुम्ही म्हणालात. "आपल्याला माणसं बसवायचीत."

त्या डाव्या स्टिअरिंगला कंटाळून गाडी विकायला काढली होती; शनिवारी एक गिऱ्हाईक आलं. हातभर टॅटू, पण बोनेटसमोर देवघरात उभं राहावं तसा उभा. मग म्हणाला, चार दरवाजे कुणालाच नको असतात, मेट. इंजिन काढून मी माझ्या स्पोर्ट्स गाडीत बसवतो, बॉडी तू ठेव. माझी लेक म्हणाली, "डॅड, जस्ट टेक द मनी."

मी म्हटलं, "काळीज तुला आणि धड मला? नो वरीज, चहा पी आणि नीघ." कबूल करतो, हे म्हणेपर्यंत माझा स्वतःचा चहा पार निवला होता. त्याने देऊ केलेला आकडाच तसा मोहाचा होता.

तो गेल्यावर फोन पाहिला. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं: नागपूरची एक मुलगी शिकायला येतेय, एअरपोर्टवरून कोण आणेल? ना नात्याची, ना गोत्याची. तुम्हीही मला असंच आणलं होतंत, दोन बॅगा आणि गळक्या लोणच्याच्या बरणीसकट. मी लिहिलं, "मी आणतो."

हे पत्र कुठे पाठवणार? ग्लव्हबॉक्समध्ये ठेवतोय. मागची सीट पुसून घेतली आहे. बोनेटखाली काय आहे ते तिला सांगणार नाही. एअरपोर्टवरून आणताना तुम्ही तरी मला कुठे सांगितलं होतंत?