अळणी येसर

॥ मन्मथस्वामी प्रसन्न ॥
देवणी, कोजागिरीचा दुसरा दिवस

विहीणबाई प्रयागबाई यांस शिवकन्याबाईचा शरणार्थ वि. वि.

पुढं ‘सप्रेम’ लिहायची रीत हाय. विसरले न्हाई, मुद्दाम गाळलं.

राजशेखरनं माझ्या फोनात तुमचा नंबर बंद केला आन् तुमच्या फोनात माझा. त्याला वाटलं, आई आन् सासू आता गप बसतील. दुसरी शिकलेल्या बाईला लिहिता येतं, हे लेक विसरला. मला तर बरंच झालं. फोनवर तुम्ही मधीच बोलता, पत्रात माझं सगळं ऐकावंच लागतंय.

इकडं सोयाबीन काढून राहिलोत. गाईला कालवड झाली, लई देखणी हाय, डोळ्याला काजळ घातल्यावानी. मालक तिच्याशी बोलतात तेवढं माझ्याशी बोलत न्हाईत. ते असू द्या.

पुनमचा लातूरहून फोन आलता. नात सांगत होती, पप्पा रोज रात्री खानावळीचा डबा आणतात. माझ्या येसराचा डबा भरलेला असताना माझा लेक खानावळीची पाणचट आमटी खाऊन राहिलाय. आन् सुकन्याला दवाखान्यात हेड सिस्टर करायलेत, तर ती म्हणे दिवाळी झाली की नको म्हणून सांगणार. घर झेपत न्हाई म्हणाली. धा वर्षं रातपाळ्या केलेली माझी सून.

कसं झेपल? महालक्ष्म्यांना लेकीकडं आलात, पंधरवडा राहिलात, आन् जाताना फ्रिजला कागद चिकटवून गेलात. पुनमनं मला वाचून दाखवला. मंगळवारी भरली वांगी, गुरुवारी आळूवडी, शुक्रवारी पुरण. आठ वाजता घरी येणाऱ्या बाईनं आळूवडी कधी वळायची, बसमधी?

म्हणून तर मी येसर देते. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं खमंग भाजून दळलेलं. पाणी उकळायचं, फोडणी द्यायची, दोन चमचे सोडायचे, झाली आमटी. रविवारी भाकरी थापून कडक करून ठेवायच्या. मधी एक दिवस वरणफळं, एक दिवस धपाटे. आठवडा गेला. याला कागद लागत न्हाई.

लोभ जेवढा हाय तेवढाच ठेवा, वाढवायची तसदी नको.

शिवकन्याबाई

नांदेड, १३ ऑक्टोबर २०२५

शिवकन्याबाईंस प्रयागबाईचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. अक्षर लावायला दुपार गेली. मी सातवी पास आहे, तरी.

आळूवडी सुट्टीच्या गुरुवारची आहे. तसं कागदावर लिहिलेलं आहे, पण ज्यांनी स्वतः वाचला नाही त्यांना काय सांगावं. कागद नव्हता तेव्हा त्या घरात काय शिजत होतं, तेही पाहिलंय मी. सोमवारी तुमचं येसर, मंगळवारी तुमचं येसर, बुधवारी कालचं उरलेलं येसर.

आता ऐका. खानावळ माझ्या कागदामुळं आली नाही, तुमच्या त्याच डब्यामुळं आली. आमटी एक दिवस जिभेला लावू नये इतकी खारट, दुसऱ्या दिवशी अगदी अळणी. जावईबापूंनी एकदा ताट सरकवलं. दुसऱ्या दिवसापासून खानावळीचा डबा सुरू झाला.

तुम्हाला वाटतं सुकन्या दमली म्हणून नको म्हणते. ती मला फोनवर रडत काय म्हणाली ते लिहिते. ती म्हणाली की मीठ घातलं का नाही, हेच मला आठवत नाही. कधी दोनदा घालते वाटतं, कधी घालतच नाही वाटतं. ज्या बाईचा आमटीतल्या मिठाचा अंदाज गेला, तिनं अख्ख्या वॉर्डाच्या इंजेक्शनांवर लक्ष कसं ठेवायचं, असं तिनं मलाच विचारलं. पाडवा झाला की नकार लिहून देणार आहे. माझी लेक स्वतःला वेडी समजायला लागली, आणि तुम्हाला कालवडीचं काजळ सुचतंय.

मी होते तेव्हा त्या डब्याचं जेवढं सुधारता आलं तेवढं सुधारून आले. पुढं तुमचा माल.

कालवडीला माझा आशीर्वाद. तुमच्यावरच्या लोभाबद्दल पुन्हा कधीतरी.

प्रयागबाई

॥ मन्मथस्वामी प्रसन्न ॥
लातूर, धनतेरस

प्रयागबाईस शिवकन्याबाईचा शरणार्थ वि. वि.

तुमचं पत्र वाचून रातभर डोळा लागला न्हाई. सकाळी फराळाची पिशवी घेतली आन् उदगीरवरून येष्टीनं लातूरला आले. शेजारी एक बाई कोंबडी घेऊन बसलती, पर ते पुन्यांदा सांगते.

सुकन्या दवाखान्यात, राजशेखर दाळमिलला, पुनम शिकवणीला. शेजारणीकडून किल्ली घेतली, डबा काढला, चिमूटभर येसर तोंडात टाकलं. अळणी होतं. तळातून दुसरी चिमूट घेतली, तर दाताखाली मीठ कचकन वाजलं.

विहीणबाई, मला इतका आनंद माझ्या लेकाच्या लग्नात झाला नव्हता.

आमच्या घरात मीठ दुसऱ्याच्या घरी देत न्हाईत. मिठासंगं भांडण जातं. सासूबाई उसनं मीठसुद्धा देत नव्हत्या. म्हणून मी येसर, चटणी, जे काय पाठवते ते अळणीच पाठवते. लग्नाच्या वर्षीच सुकन्याला सांगितलं होतं, माझ्या हातच्या वस्तूला मीठ तू तुझ्या घरचं घाल. ती आजवर नेमानं घालते. कधी चुकली न्हाई. तुम्ही बोट लावून बघितलं असंल, म्हणाला असाल ही देवणीची बाई मीठ विसरली, आन् मूठभर ओतून वरवर हात फिरवला असंल. एका चमच्यात खडा, एका चमच्यात काहीच न्हाई. काल खारट झालं म्हणून आज ती मिठाचा हात आखडणार, आन् नेमका आज बिनमिठाचा चमचा निघणार. ‘सुधारून आले’ ते हेच का?

लेक तुमची वेडी न्हाई. तिच्या आईचा हात सैल हाय.

मी अजून कुणाला बोलले न्हाई. डबा होता तिथं ठेवला. सुनेपुढं तिच्या आईला उघडं पाडायला मला लई आवडलं असतं, गोड फराळापेक्षा गोड लागलं असतं. पर तिला हे माझ्याकडून कळलं तर ती म्हणल, सासू मन राखायला बोलून राहिली. तुमच्या तोंडून कळलं तरच तिला पटंल. पाडव्याच्या आत सांगा. न्हाई सांगितलंत तर मी सांगीन, आन् मी सांगताना मीठ कमी घालणार न्हाई.

लोभाचं नंतर बघू.

शिवकन्याबाई

नांदेड, २२ ऑक्टोबर, पाडवा

शिवकन्याबाईंस सा. न. वि. वि.

हो, मीच घातलं. मूठ नव्हती, अर्धी वाटी होती. आमच्याकडे दळून आणल्यावर सगळ्याला मीठ लावूनच ठेवतात. एवढी तुमची रीत, तर डब्यावर दोन शब्द लिहायचे होते. दुसरीपर्यंत तेवढं शिकवतात.

काल लक्ष्मीपूजन आटोपल्यावर सुकन्याला फोन केला. सगळं सांगितलं. ती हसायला लागली आणि हसता हसता रडली. मला म्हणाली की आई, मी मेंदूच्या डॉक्टरला दाखवायची वेळ घेतली होती. त्यानंतर ती मला पुष्कळ बोलली. ते तुम्हाला लिहिणार नाही, तुमची दिवाळी आणखी गोड होईल.

आज सकाळी तिनं दवाखान्यात होकार कळवला. तो येसराचा डबा कचऱ्यात टाकला. फ्रिजवरचा कागदही काढला आणि स्वतःचा लावला. त्यात शनिवारी जावईबापू पिठलं करणार आहेत. सोमवारी येसर आहे. मी येसर ठेव म्हणून सांगितलं नव्हतं.

तुम्ही चार दिवस तोंड बंद ठेवलंत, हे तुम्हाला जमेल असं वाटलं नव्हतं. याला आभार समजू नये.

कोंबडीवाल्या बाईचं राहिलं.

प्रयागबाई

॥ मन्मथस्वामी प्रसन्न ॥
देवणी, तुळशीच्या लग्नाचा दिवस

प्रयागबाईस शरणार्थ वि. वि.

अर्धी वाटी! मी मूठच धरली होती.

सुकन्या आता सिस्टरांवर हुकूम सोडून राहिली म्हणं. पुनम सांगते, पप्पाचं पिठलं भिंतीला लावायच्या कामाचं हाय, पर सगळे खातात. नवं येसर भाजून पाठवलं. अळणी हाय. त्यात कुणी हात घालायचा न्हाई.

राजशेखर परवा फोनवर म्हणाला की सगळं मिटलं असंल तर दोघींचे नंबर चालू करून देतो. मी म्हणलं, काहीच मिटलं न्हाई, तू तुझं पिठलं बघ. मालक म्हणतात ही बाई आजकाल पोस्टमनची वाट बघत दारात बसते. बसते. कोंबडीचं तर अजून सांगायचंच हाय, त्याला अख्खं एक पत्र लागंल.

संगं एक पुरचुंडी हाय, जपून सोडा. मीठ हाय. सासूबाई असत्या तर माझा हात धरला असता. जन्मात कुणाच्या घरी धाडलं न्हाई, तुमच्या घरी धाडून राहिले. ते कशासाठी, ते सातवी पास बाईला कळंल.

संपत आलं की कळवा, आणखी पाठवते.

शिवकन्याबाई