ओठांना लावलेली शिट्टी

करी रोड,
मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६

ती. लवूकाकांना अक्षदाचा नमस्कार. सुभद्राकाकीलाही सांगा.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि काकी मध्ये उभी राहून सांगते तेव्हा माझं बोलणं तिचं होऊन तुमच्याकडे पोचतं. मागच्या आठवड्यात मी फक्त "बरी आहे" म्हणाले, तर तिने तुम्हाला ओरडून सांगितलं, "चेडू जेवणा नाय वाटता." मुलगी जेवत नाही, असं मी कुठे म्हटलं होतं? हे पत्र तुम्ही स्वतः चष्मा लावून वाचा.

आम्ही सगळे ठीक. बाबांचा गुडघा थंडीत दुखतो, पण तेविसाव्या मजल्यावरून खाली उतरून रोज जुन्या चाळीतल्या मंडळींत बसून येतात. तुम्ही पाठवलेली कोकमाची सोलं पोचली. आईने अर्धी शेजारी वाटली आणि आता संपत आली म्हणून कुरकुरतेय. माझी परळच्या लॅबमधली नोकरी चालू आहे. नमुन्यावरचं लेबल मी अजून तीनदा वाचते आणि सगळे अजून हसतात.

शनिवार-रविवारचं ते दादर चौपाटीवरचं कयाकचं कामही तुम्हाला ठाऊक आहे. गणपतीत तुम्ही विचारलं होतं, "ती प्लॅस्टिकची होडी ती काय होडी?" तेव्हा नीट सांगता आलं नाही. एका माणसाची असते, वरून उघडी, वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती. उलटली तरी बुडत नाही. म्हणून आम्ही शिकवायला लागतो ते पहिल्यांदा पडायलाच. गुडघाभर पाण्यात प्रत्येकाला मुद्दाम उलटं करतो. मग सांगतो, काहीही झालं तरी होडी सोडायची नाही, किनारा जवळ दिसला तरी पोहत निघायचं नाही. हे मी नवं शिकले नाही. मे महिन्यात खडकांवरची कालवं काढायला न्यायचात तेव्हा तुम्ही सांगायचात, "माणूस दमता, लाकूड दमणा नाय." तेच मी इथे मराठीत सांगते.

तुमचं बाकीचंही सांगते. उभं राहायचं नाही. बसायचं ते मधोमध. निघण्याआधी वारा बघायचा. हिवाळ्यात सकाळी इथे जमिनीकडून वारा असतो, तो पाठीवर घेऊन जाताना इतकं सोपं वाटतं की नवख्या माणसाला आपण फार चांगलं वल्हवतोय असा भास होतो. परत वळल्यावर कळतं. म्हणून मी त्यांना सुरुवातीला किनाऱ्यालगत वाऱ्याच्या तोंडावर नेते.

पंचवीस जानेवारीला नेलं नाही.

त्या रविवारी दोघीच होत्या. ओवी नावाची कॉलेजची मुलगी, आणि मेघनाताई, माटुंग्याच्या, बँकेत असतात, बेचाळीस वर्षांच्या. मेघनाताईंचा चौथा वर्ग होता. त्या म्हणाल्या, "आज जरा सी-लिंकच्या दिशेने जाऊया ना गं, फोटो छान येतात." वारा कमी होता. मी हो म्हटलं. ही माझी पहिली चूक, आणि ती मी क्लबच्या वहीत लिहिलेली आहे.

थोडं आत गेल्यावर ओवी उलटली. घाबरून तिने माझ्या होडीला मिठी मारली. तिला पुन्हा वर बसवण्यात माझं लक्ष गेलं. मान वर केली तर मेघनाताई दोनशे मीटर पुढे. पाठमोऱ्या, डोक्याला टोपी, आणि वल्हं मस्त चाललेलं. वारा वाढला होता. त्यांना तो पाठीमागून असल्यामुळे कळलाच नव्हता. मी हाका मारल्या. वल्हं डोक्यावर धरून हलवलं. पाठमोऱ्या माणसाला ते दिसत नाही. कोळ्यांच्या जाळ्यांचे खांब लागतात तिथे त्यांनी मागे बघितलं, घाबरून एकदम आडव्या वळल्या आणि उलटल्या. मी ओवीला सोडून जाऊ शकत नव्हते. पंचवीस मिनिटं त्या पाण्यात होत्या. होडी सोडली नाही त्यांनी. शेवटी एका कोळ्याच्या बोटीने त्यांना वर घेतलं. दोन दिवस दवाखान्यात होत्या. छातीत पाणी गेलं होतं. आता बऱ्या आहेत.

इथपर्यंत फोनवरही सांगता आलं असतं.

काका, आमच्या प्रत्येकाच्या जॅकेटला एक शिट्टी असते. एक लांब फुंकर म्हणजे थांबा आणि माझ्याकडे बघा. तीन म्हणजे मदत पाठवा, ती ऐकून किनाऱ्यावरची दुसरी बोट सुटते. वारा माझ्याकडून मेघनाताईंकडेच जात होता. आवाज नक्की पोचला असता. त्या उलटायच्या आधी माझ्या हिशेबाने चार मिनिटं होती. मी शिट्टी ओठांना लावली. दातांना प्लॅस्टिक लागलेलं आठवतं. आणि मी फुंकली नाही. त्या उलटल्यावरही नाही.

मी नऊ वर्षांची होते. तुमच्या होडीत बसून शीळ घातली होती. तुम्ही म्हणालात, "होडयेत शीळ घालू नको गो, वारो येता." मी हट्टाने पुन्हा घातली. थोड्या वेळाने वारा आला, होडी कलली, आणि दोन टोपल्या कालवं पाण्यात गेली. तुम्ही रागावला नाहीत. पण चार दिवस मला होडीत घेतलं नाहीत. काकी म्हणाली, "तेच्या मनात काय नाय," तरी मी ते चार दिवस पायरीवर बसून काढले.

आता मला कळतं की ती अकराची वेळ होती आणि खारा वारा रोज त्याच वेळेला यायचा. मी हे इतरांना फळ्यावर चित्र काढून समजावते. तरी त्या दिवशी पाण्यावर मला वाटलं, मी फुंकलं तर वारा आणखी वाढेल, आणि मेघनाताई त्याच वाऱ्यात आहेत. हे वाटलं त्या वेळी ते मूर्खपणाचं वाटत नव्हतं. काळजीसारखं वाटत होतं.

त्याहून वाईट पुढे आहे. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाने आपापली शिट्टी वाजवून बघायची आणि तक्त्यावर खूण करायची असा नियम आहे. मी सगळ्यांकडून करून घेते. एखाद्याची बारीक वाजली तर बदलायला लावते. माझी मात्र मी तीन वर्षं नुसती ओठांना लावून खाली सोडली, आणि नावापुढे खूण केली. सगळे एकाच वेळी फुंकत असतात, कोणाच्या लक्षात येत नाही. मी, लेबल तीनदा वाचणारी.

कोळीकाका मेघनाताईंना किनाऱ्यावर उतरवताना माझ्याकडे बघून म्हणाले, "शिट्टी लटकवलीय ती काय शोभेला?" फक्त मीच ऐकलं. नंतर मनमोहनसरांनी, म्हणजे क्लब चालवतात त्यांनी, विचारलं की शिट्टी का नाही वाजवलीस. मी म्हटलं, वाळू अडकली होती.

किती पटकन म्हटलं.

सामान धुणं, सुकवणं, तपासणं हे गौतमदादांचं काम. पंचेचाळिशीचे आहेत, अँटॉप हिलला राहतात, आठ वर्षं तिथे आहेत. सरांनी त्यांना सांगितलं, एक मार्चपासून येऊ नका. दादा भांडले नाहीत. मला म्हणाले, "मॅडम, शुक्रवारी सगळ्या धुतल्या होत्या मी. पण एखादी राहिली असेल, काय सांगावं." मेघनाताईंच्या घरी जाऊन माफीसुद्धा मागून आले.

परवा रविवारी मी गेले तर ते वाळूत चटई टाकून बसले होते आणि बावीस शिट्ट्या एकेक करून फुंकत होते. माझं नाव लिहिलेली सापडली. वाजली. त्यांनी पुन्हा वाजवली.

"ही तर वाजते," ते म्हणाले.

मी चटईवरची वाळू झटकत राहिले.

"सुकल्यावर वाळू पडली असेल," म्हणाले आणि ती बाकीच्यांत ठेवून दिली.

सरांना खरं काय ते लिहून द्यायचं ठरवलंय. कागद तयार आहे. त्यात कारण लिहावं लागलं. "लहानपणी घरी शिकवलेल्या एका समजुतीमुळे" एवढंच लिहिलंय, तुमचं नाव नाही. पण ते दुसऱ्या कोणी वाचण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं. तुम्ही ते खरं मानून म्हणाला होतात की मी गप्प बसावं म्हणून, हे मला कधीच विचारता आलं नाही. आता विचारतही नाही. तुम्ही नऊ वर्षांच्या मुलीला सांगितलं होतं. कयाक शिकवणारी अठ्ठावीस वर्षांची आहे.

संध्याकाळी आधी गौतमदादांकडे जाते. पत्र उघडंच ठेवते.

बुधवार, ११ फेब्रुवारी

गेले होते. प्रितीवहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोने, दार उघडलं. त्यांना वाटलं मी दादांसाठी सरांकडे शब्द टाकलाय, म्हणून त्यांनी आधी चहा ठेवला. चहा होईपर्यंत थांबले असते तर बोलणं जमलं नसतं, म्हणून उभ्या उभ्याच सांगितलं. वहिनी गॅस बंद करून आत निघून गेल्या.

दादांनी चहाचं भांडं गॅसवरून उतरवून ठेवलं. मग म्हणाले, "मला रविवारीच वाटलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून."

मी कागद दाखवला, उद्या सरांना देते म्हटलं. त्यांनी वाचलाही नाही. म्हणाले, "माझं नंतर बघा. माटुंग्याच्या मॅडमना सांगितलंत?"

मी नाही म्हटलं. खरं सांगते काका, सोळा दिवस मी माझी चूक उलटसुलट केली, त्यात दादा होते, सर होते, तुम्ही होतात. मेघनाताई वाचल्या म्हणून त्यांचं मिटलं, असं मी धरून चालले होते.

"मी माफी मागायला गेलो ना, तेव्हा त्या मलाच समजावत होत्या," दादा म्हणाले. "म्हणे, दादा, शिट्टीला दोष देऊ नका. अक्षदाने खूप हाका मारल्या असतील, माझंच लक्ष नव्हतं, मी आपल्याच मस्तीत होते. आता पाण्याजवळ जायचं नाही म्हणतात. एवढ्या हौसेने शिकत होत्या बाई. स्वतःवरचा भरवसा गेलाय त्यांचा. तो तुमच्याकडे आहे, देऊन या."

निघताना वहिनी बाहेर आल्या नाहीत. ते बरोबर होतं.

लॅबमधून अर्धा दिवस सुट्टी घेतलीय. मेघनाताईंना फोन केला. त्या आनंदाने म्हणाल्या, "ये ना, मी सांगणारच होते तुला, मनाला लावून घेऊ नकोस." मी पत्ता लिहून घेतला. पुढचं फोनवर बोलले नाही.

पत्र वाटेत पेटीत टाकते. उत्तर पाठवलंत तर रागवा, समजवा, काय वाटेल ते लिहा. फक्त "जाऊ दे" असं लिहू नका. ते म्हणायचं की नाही, हे आज माटुंग्याला ठरायचं आहे, आणि ते ठरवणारी बाई अजून माझी समजूत काढायला बसली आहे.

तुमच्याच होडीत शिकलेली,
अक्षदा