बिनकॅल्शियमचं पाणी

बाबा, पळी फेकून मारण्याइतकं मी काही बोललो नव्हतो. "पाणी ते पाणी," एवढंच म्हणालो होतो. दारात विहीर असताना तुम्ही डाळीसाठी कालव्याचं पाणी आणायला मला मैलभर पिटाळायचात, म्हणून. "विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, गाढवा! पाण्यात काय काय असतं, तुला काय ठाऊक? आठवीत दोनदा बसलास!" पळी कानाला लागली. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, पण ते भांडण तसंच राहिलंय.

मी आता दिल्लीत असतो. आधी एसटीडी बूथवर होतो, मग कोल्ड्रिंकच्या ट्रकवर. कुठे टिकेन तर शपथ. मुनिरक्यात माझ्या खोलीच्या वर पुण्याची एक ताई राहते, मेंदूवर पीएचडी करते. तिनेच मला तिच्या प्रयोगशाळेत रोजंदारीवर लावलं. बाटल्या धुवायच्या आणि पाणी बनवायचं. हो, इथे पाणी बनवतात. उंदराच्या मेंदूतली एकेक पेशी त्या पाण्यात ठेवून काचेच्या सुईने धरतात. ताई सांगते, पेशीच्या सालीत दारं असतात. चार तुकडे गोल जोडलेले, मध्ये बारीक वाट. विजेचा झटका बसला की दार उघडतं, आणि बाहेर मिठाची केवढी गर्दी असली तरी आत घेतं कॅल्शियमलाच. ते शिरलं की पेशी शेजारणीला निरोप धाडते. "हा निरोप गेला नाही ना, तर तुला तुझ्या बाबांची पळीसुद्धा आठवणार नाही." मी म्हटलं, "मग ते दार बंदच करा की, यार."

गेल्या महिन्यात तिला बिनकॅल्शियमचं पाणी हवं होतं. बाहेर कॅल्शियमच नसेल तर दार उघडूनही आत काही जाणार नाही, एवढं तिला तपासायचं होतं. नेमकी वीज गेलेली, शुद्ध पाण्याचं यंत्र बंद. आणि मला गुडगावला पळायचं होतं, तिथे नव्या इमारतीत गार्डची जागा होती. मी तीन कॅन नळावर भरले, मोजून ठेवलेले क्षार टाकले, चिठ्ठ्या चिकटवल्या आणि बस पकडली.

गार्डची जागा गेलेली होती. परत येतो तर ताई नाचतेय. पाण्यात कॅल्शियम नाही, तरी दारांतून काहीतरी आत जातंयच! आठवडाभर तेच. प्रयोगशाळेचे सर म्हणाले, "बिल्कुल नई चीज़ है!" ताईने पेपर लिहायला घेतला, सगळ्यांना रसमलाई दिली. मी दोन खाल्ल्या. संध्याकाळी तिच्याकडे चहाला गेलो, तर पातेल्याच्या बुडाला पांढरा थर. "ताई, हे काय?" "कॅल्शियम रे. इथल्या नळाच्या पाण्यात ठासून असतं. डाळ कुठे शिजते?"

बाबा, कान दुखला. खरंच.

सांगितलं तर नोकरी जाणार, नाही सांगितलं तर ताई जगासमोर तोंडघशी पडणार. दोन दिवस मी तिला चुकवत फिरलो. तिसऱ्या दिवशी जिन्यात सांगून टाकलं. ती पायरीवरच बसली.

"किती कॅन?"

"तिन्ही."

तिने बोटांवर वाया गेलेले दिवस मोजले. मग म्हणाली, "नालायका, निदान दुसरी रसमलाई तरी खायची नव्हतीस."

सर ओरडले, "निकालो इसको!" ताई म्हणाली, "सर, उसने बताया इसलिए पता चला. छप जाता तो?" नोकरी राहिली, पंधरा दिवसांची मजुरी गेली.

आईच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्यात. ती गोळीही रक्तवाहिन्यांतली असलीच दारं अडवते म्हणे, म्हणजे तिच्यात काटकसर नको. पैसे कमी का, तर रजई घेतली असं आईला कळवलंय. तुम्ही असतात तर तुम्हालाही तेच कळवलं असतं. हे पत्र पेटीत पडणार नाही म्हणून खरं लिहिलं. या वेळी दोनशे साठ रुपये पाठवतोय.