आबुग्रे पळाला नव्हता

तामाले, नोव्हेंबर १९७४

प्रिय आयारिगा,

तू पाठवलेले कात्रण वाचले. जनरल पेंडर्ड यांच्या निधनानिमित्त त्या वृत्तपत्राने लिहिले आहे, की ब्रह्मदेशातील नदीवर 'सामान वाहणारे आफ्रिकी घाबरून पळाले व बुडाले. पेंडर्ड यांनी धीराने सैन्य सावरले.' हे असत्य आहे. त्या दिवशी मी त्यांचा दुभाषी म्हणून त्यांच्या शेजारी उभा होतो, आणि तुझा बाप आबुग्रे माझ्या डोळ्यांदेखत नदीत उतरला.

साहेबांविषयी वाईटच लिहावे, असा माझा हेतू नाही. ऐन तारुण्यात ते गोल्ड कोस्टला, म्हणजे आपल्या आजच्या घानाला आले, आपल्या लोकांबरोबर पायी चालले, तेच गढूळ पाणी प्यायले. हौसा भाषा ते बोलत, पण क्रियापदे अशी मोडत, की तुझा बाप मागून माझ्या कानाशी कुजबुजे, "आकुरुगू, साहेबाला पाणी पाज रे, शब्द घशात अडकलाय!" शिपाई त्यांना 'चष्मेवाला' म्हणत, आणि तेही हसत. ते भित्रे नव्हते, क्रूरही नव्हते. आपला हुकूम चुकू शकतो, एवढेच त्यांना सोसत नसे. आणि प्रत्येक बढतीने हा स्वभाव अधिक कठीण होत गेला.

त्या दुपारी टेहळ्यांनी सांगितले, की पलीकडचा काठ मोकळा नाही, तिथे जपानी दबा धरून आहेत. मी ते दोनदा भाषांतरित केले. "त्यांना म्हणावे, चला," एवढेच उत्तर आले. ओझेवाले पुढे निघाले. डोक्यावर पेट्या, हाती बंदूक नाही. "चष्मा पूस म्हणावं त्याला," असे म्हणून तुझा बाप पाण्यात शिरला.

मध्यावर गोळीबार सुरू झाला. तुझा बाप आपल्या काठाला सुखरूप परतला होता. पण मागे एक जखमी सोबती हाका मारत होता, म्हणून तो पुन्हा वळला. गोळी छातीत लागली, पाठीत नव्हे. मीच त्याला बाहेर ओढले आणि काठावर माझ्याच हातांनी पुरले. वरिष्ठांना कळवताना साहेबांनी त्या प्रसंगाला पळापळ म्हटले.

थोरल्या भावांचे अंत्यविधी आधी झाल्याखेरीज धाकट्याचा होत नाही, म्हणून इतकी वर्षे गेली. आता पाळी आली, तर कुळाचे वडील अझुरे ते कात्रण ऐकून म्हणतात, "पळताना बुडालेल्यासाठी आपण ढोल वाजवत नाही." त्यांचा नियम योग्य आहे, बातमी खोटी आहे. तिच्यापायी तुझ्या आईच्या गळ्यातील, या विधीनंतरच काढायची वैधव्याची दोरी अजून सुटत नाही. ज्याने पुरले, त्यानेच अंगणात उभे राहून मरण कसे आले ते सांगावे, ही आपली रीत. म्हणून हे पत्र. ते कुळाच्या वडिलांपुढे वाच, आणि बाजरीची कापणी होताच मला बोलाव. गुडघे साथ देत नाहीत, तरी मी येईन.

तुझ्या बापाचा सोबती आणि तुझाच,
आकुरुगू

त्या लेखातील तारखा अशा दुरुस्त कराव्यात :

पेंडर्ड गोल्ड कोस्टला आले : १९२६, १९२९ नव्हे.
नदीचा प्रसंग : २१ फेब्रुवारी १९४४, मार्च नव्हे.
जनरलपदी पहिली बढती : मे १९४४. नदीपूर्वी नव्हे, नदीनंतर.
निवृत्ती : १९४९, १९५१ नव्हे.
आबुग्रेचा मृत्यू : २१ फेब्रुवारी १९४४. लेखात ही तारीख नाहीच.